निळ्या ड्रममधलं शिळं पाणी

सासऱ्यांनी माझ्या हॉलमध्ये चार फुटांची काचेची टाकी आणून ठेवली, तेव्हा आमच्या गारखेड्यात नळाला सहाव्या दिवशी पाणी येत होतं. सहाव्या म्हणजे आपलं म्हणायला. खरं तर सातव्या, कधी आठव्या. जायकवाडी धरण तळाला गेलेलं. बीड बायपासच्या पलीकडं महिन्याला एक नवी इमारत उभी राहत होती आणि तिथल्या लोकांचा सगळा कारभार टँकरवर. अशा दिवसांत आमच्या घरी मासे येणार. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणलं. मी तोंडावरच बोलते. माहेरी, सासरी, मी शिकवायची त्या शाळेत, सगळ्यांना ते माहीत आहे आणि कुणालाच ते आवडत नाही.

सासरे सोयगावला दवाखान्यात कंपाउंडर होते. छत्तीस-सदतीस वर्षं त्यांनी पुड्या बांधल्या, मिक्श्चरच्या बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवल्या. आपल्या हातून एकही डोस चुकला नाही, हे ते दर दोन-चार दिवसांनी सांगायचे. सासूबाई गेल्या तेव्हा ते सत्तरीच्या पुढं होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात काचबिंदू. माझ्या नवऱ्यानं त्यांना उचलून इकडं आणलं आणि सोयगावच्या घराला कुलूप लावलं.

मग एकेक गोष्ट त्यांच्या हातातून काढून घेतली गेली. आधी लुनाची किल्ली. मग एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच राहिला, तेव्हा स्वयंपाकघर बंद. मग एकट्यानं रस्ता ओलांडणं बंद, कारण आमच्या समोरचा रस्ता रुंद झाला होता आणि गाड्या कुणाला मोजत नव्हत्या. नवऱ्याचं काही चुकत होतं असं नाही. पण दिवसभर खुर्चीत बसून तो माणूस माझ्या येण्याजाण्याकडं बघत राहायचा आणि मला त्याचा वैताग यायचा. मी तेही बोलून दाखवायची.

एके दिवशी जेवताना त्यांनी पोराला सांगितलं की मला सोयगावला जायचंय, माझ्या घरात, एकट्याला. नवऱ्यानं नेहमीची यादी सुरू केली, डोळे, दूध, गॅस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मी स्वतःला सांभाळू शकतो हे कसं दाखवू, तूच सांग. नवरा चिडून म्हणाला, आधी एखादं मांजर तरी सांभाळून दाखवा. तो आपला वैतागून बोलून गेला. पण सासऱ्यांनी ते धरलं. औरंगपुऱ्यात एका मासेवाल्याच्या दुकानात रिक्षानं गेले आणि त्याला विचारून आले की जगवायला सगळ्यात अवघड मासा कोणता. त्यानं डिस्कस दाखवला. चाचा, ये नवाब लोगां हैं, पाणी जरा बिगडा की जान देते, असं तो म्हणाला म्हणे.

"सोपे मासे जगवून काय सिद्ध होणार?" ते मला म्हणाले. "हे वर्षभर जगवतो. मग मला अडवायचं नाही."

नवऱ्यानं हो म्हणलं. तो मनात म्हणत असणार की दोन महिन्यांत खेळ खलास होईल. मीही तेच म्हणत होते. पण त्या म्हाताऱ्याचं सगळं जाणं-राहणं त्या टाकीवर लागलंय, हे घरात तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

टाकीच्या जागेवरून पहिलं भांडण. जिथं उन्हाची तिरीप येणार नाही आणि दाराचा धक्का लागणार नाही अशी हॉलमध्ये एकच जागा, आणि तिथं माझं शिलाई मशीन. मशीन हललं. लोखंडी स्टँड बनवून आणला. शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत सारत सकाळभर सपाटी साधली. काचेखाली थर्माकोलची जाड शीट. आत मात्र काही नाही. वाळू नाही, शंख नाहीत, प्लास्टिकची झाडं नाहीत. मी म्हणलं, निदान चार रंगीत दगड तरी टाका, लोकांच्या घरी किती सुरेख असतं. ते म्हणाले की दवाखान्यात कुणी गालिचा घालतं का, घाण दिसली पाहिजे आणि उचलता आली पाहिजे.

पाणी भरलं, स्पंजचा फिल्टर बसवला, हवेचा पंप सुरू केला आणि मासे काही आणले नाहीत. महिनाभर रिकाम्या पाण्यात बुडबुडे. रोज सकाळी ते चिमूटभर खाद्य टाकायचे, कुणासाठी ते देवाला ठाऊक. शेजारणी मुद्दाम बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावून जायच्या. मी विचारलं की हे काय चालवलंय, तर ते म्हणाले, आधी पाण्याला पोट यावं लागतं. मासा घाण करणार, ती पचवणारे बारीक जीव त्या स्पंजात आधी वाढले पाहिजेत. पोट नसलेल्या पाण्यात मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो. इतकं नीट कुणी मला शाळेतही शिकवलं नव्हतं, पण मी तसं म्हणाले नाही.

आषाढ कोरडा चालला होता तेव्हा मासे आले. सहा. चहाच्या बशीच्या आतल्या गोलाएवढे, चपटे, अंगावर निळ्या नागमोडी रेघा. पहिले चार दिवस काळेठिक्कर पडून कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहिले. पाचव्या दिवशी एक पुढं आला, आणि महिन्याभरात ते सगळे सासऱ्यांचा आवाज ओळखायला लागले. मी समोर गेले की ढुंकून बघायचे नाहीत. सासरे समोर गेले की सहाच्या सहा काचेला नाक लावून उभे. खायला बकऱ्याचं दिल लागायचं. चरबी काढून, लसूण घालून, बारीक वाटून, त्याच्या पातळ वड्या बर्फात. माझ्या मिक्सरमध्ये. त्यावरून झालेलं भांडण वेगळं सांगत नाही, शेवटी एक स्वतंत्र भांडं विकत आणलं गेलं एवढंच सांगते.

पण खरी लढाई पाण्याची होती. ह्या माशांना रोज पाणी बदलून लागतं. इथं माणसांना अंघोळीला वाटणी होती. सासऱ्यांनी त्यावर आपला तोडगा काढला. स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ करायला लागले आणि त्यांच्या वाट्याचं उरलेलं पाणी माशांचं. एक दिवसाआड संध्याकाळी पाच वाजता तळातलं दोन बादल्या पाणी नळीनं ओढून काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं. काढलेलं पाणी संडासात, नाहीतर शेजारणीच्या कढीपत्त्याला. त्या वर्षी आख्ख्या गल्लीत तो एकच कढीपत्ता हिरवा होता.

आणि घालायचं पाणी कोणतं? तर शिळं. बोअरचं पाणी जड, ते चालत नाही. नळाचं चालतं, पण ताजं नाही, कारण त्यात जंतू मारायचं औषध असतं आणि तेच माशाच्या कल्ल्यांना जाळतं. म्हणून गॅलरीत एक निळा ड्रम आला. नळाला पाणी आलं की तो भरायचा, दोन दिवस उघडा ठेवायचा, मग वापरायचा. आता आमच्याकडं कशी रीत आहे ती तुम्हाला ठाऊक आहे. पाणी आलं की पहिलं काम म्हणजे शिळं ओतायचं आणि ताजं भरायचं. पिण्याचा माठ असो की सांडायची, वापरायच्या पाण्याची बादली. दुष्काळातही आम्ही शिळं पाणी धुण्याला, पुसायला, कूलरला वळवतो, पण भांडी रिकामी करून नव्यानंच भरतो. माझ्या आईनं केलं, तिच्या आईनं केलं. पाहुण्यासमोर तांब्या ठेवताना आम्ही आधी सांगतो की ताजं आहे. आणि इथं माझ्याच गॅलरीत शिळ्या पाण्याचा ड्रम जपून ठेवायचा. मी येताजाता त्यांना टोचायची, की तुमच्या नवाबांना शिळं आणि आम्हाला ताजं, हा उलटा न्याय कुठला. ते हसायचे. दहा वेळा समजावून सांगितलं असेल त्यांनी. मी ऐकलं, पण हाताला काही शिकवलं नाही.

महिने गेले. थंडीत हीटर, उन्हाळ्यात टाकीवर टेबलफॅन. ते वहीत रोज दोनदा पाण्याची उष्णता लिहायचे, भिंग डोळ्याला लावून. सहापैकी एकही मेला नाही. त्यातल्या दोघांनी जोडी धरली, काचेवर अंडी घातली, ती दोनदा बुरशीनं गेली, तिसऱ्यांदा पिल्लं निघाली. ही पिल्लं बाहेरचं काही खात नाहीत. आईबापांच्या अंगावर एक चिकट साय येते, ती चाटून वाढतात. आई थकली की अंगाला झटका देते आणि सगळी पिल्लं बापाच्या अंगावर जातात. मी स्वयंपाक सोडून तिथं उभी राहिले होते. सासरे म्हणाले, बघ बाई, पाळी लावलीय. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस सोयगावला गेला तर घर ओकंबोकं वाटेल. ते मी बोलले नाही. नको तिथं माझं तोंड चालतं आणि हवं तिथं चालत नाही, हा माझा स्वभाव.

नवऱ्यानंही आपली डोळे-दूध-गॅसची यादी सोडली होती. दहा महिने झाले, अकरावा लागला. सासऱ्यांनी सोयगावच्या शेजाऱ्याला फोन करून घर झाडून ठेवायला सांगितलं.

वैशाख होता. पाणी आता नवव्या-दहाव्या दिवसावर गेलेलं आणि आलं तरी औषधाचा इतका वास की चहा तोंडात धरवत नव्हता. त्या आठवड्यात मंगळवारी पाणी येऊन गेलं, सगळं भरून झालं, निळा ड्रमही भरला. जोडीतल्या नराला जरा बरं नव्हतं. खात नव्हता, पांढरी दोऱ्यासारखी शी करत होता. सासऱ्यांनी पोटातल्या जंतूंवर माणसांना देतात तीच गोळी ठरवली, किती पाण्याला किती भाग ते वहीत काढलं आणि शुक्रवारी पाणी बदलून पहिला डोस द्यायचा असं पक्कं केलं.

शुक्रवारी नवरा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. ते गेले आणि अकराच्या सुमाराला नळ सुटला. कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पाळी नसताना. कुठली पाइपलाइन दुरुस्त झाली म्हणे. आख्ख्या गल्लीत पळापळ. शेजारीण ओरडली की गोधड्या काढा, असा दिवस पुन्हा यायचा नाही. मी माठ ओतला, बादल्या ओतल्या, गोधड्या भिजवायला पाणी कमी पडलं तसा गॅलरीतला निळा ड्रम आडवा केला. तीन दिवसांचं शिळं पाणी गोधड्यांना, आणि ड्रम धुऊन-पुसून ताज्या पाण्यानं काठोकाठ. मला बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. मासा आजारी आहे, आजाऱ्याला कुणी शिळं पाणी देतं का, असा एक विचारसुद्धा डोक्यातून गेला. त्यांचं सगळं सांगणं तेव्हा कुठं गेलं होतं, ते मी स्वतःला किती वेळा विचारलंय.

ते आले की सांगायचं, हे मनात होतं. पण बापलेक दारातूनच भांडत आले. डॉक्टरनं सांगितलं होतं की दुसऱ्या डोळ्यातला दाब वाढलाय. नवरा म्हणत होता, आता मासे जगोत की मरोत, सोयगाव विसरा. सासरे म्हणत होते, ठरलं ते ठरलं, अजून एक महिना. तपासायला घातलेल्या थेंबांनी त्यांना जवळचं काही दिसत नव्हतं. मी मध्ये पडले, दोघांनाही बोलले, चहा केला, आणि पाण्याचं सांगायचं राहून गेलं. पाच वाजता त्यांनी नेहमीप्रमाणे दोन बादल्या काढल्या, ड्रममधल्या दोन घातल्या. पाण्यातल्या औषधाचा वास त्यांना यायचा प्रश्नच नव्हता, जन्मभर ओढलेल्या तपकिरीनं नाक केव्हाच गेलेलं. मग गोळीची पूड केली. नवरा म्हणाला की डोळे निवळू द्या, उद्या करा. ते म्हणाले की औषधाची वेळ चुकवायची नसते. खिडकीपाशी चमचा डोळ्याशी धरून, लांब करून, परत जवळ आणून त्यांनी मोजलं. ते मी बघितलं. नवऱ्यानंही बघितलं.

सकाळी सहाही मासे गेलेले होते. मोठे सहा, आणि पिल्लं. कुठं वरती, कुठं फिल्टरच्या मागं, अंगावरची साय धाग्याधाग्यांनी सुटलेली. नवरा बोलायला लागला आणि थांबेना. मी काल सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाही, उद्या सोयगावला तुम्ही स्वतःलाच असं काही देऊन बसला तर? सासरे खुर्चीत बसून होते. ते हळूहळू, एकेक गोष्ट बाजूला करत बोलले.

"पाणी तर तीन दिवसांचं शिळं होतं. हीटर ठीक आहे. पंप चालू आहे. म्हणजे औषधच. माझ्या हातून झालं."

तेव्हा मला ड्रम आठवला. नवरा रागात होता, सासरे खाली मान घालून, आणि मी ओल्या फडक्यानं ओटा पुसत राहिले. थोड्या वेळानं सांगू, हा गेला की सांगू, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी नवरा मला म्हणाला की वाईट झालं, पण एका अर्थी बरं झालं, आता ते स्वतःहून राहतील. आणि मला ते पटलं. ही माझी खरी चूक. ड्रमची चूक हातानं झाली, ही मी समजून उमजून केली. त्यांचा दुसरा डोळा जाणार, तिकडं एकटे पडतील, इथं निदान डोळ्यांसमोर आहेत, असं मी स्वतःला सांगत राहिले आणि गप्प बसले.

ते सोयगावचं नाव काढेनासे झाले. टाकी त्यांनी स्वतः रिकामी करून धुतली. वही रद्दीत टाकली. फोन वाजला तरी उचलेनात, निरोप घेण्यातही आपल्या हातून काही चुकेल म्हणून. आणि पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी त्यांनी आपल्या गोळ्यांचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. रक्तदाबाची, डोळ्याची, पोटाची. आतापर्यंत तो डबा कुणाला हात लावू देत नव्हते. म्हणाले की ह्यापुढं तूच काढून देत जा, माझा भरवसा नाही. सगळ्या पंचक्रोशीला पुड्या बांधून दिलेल्या माणसानं माझ्यापुढं तळहात पसरला.

मला सहन झालं नाही. मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पाणी अवचित आलं, मी ड्रम ओतला, ताजं भरलं, तुम्ही तेच घातलंत. तुमचा डोस बरोबर होता, मासे पाण्यानं गेले. ते ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तशी मी रडायला लागले. म्हणलं, खोटं वाटत असेल तर शेजारणीला बोलावते, तिनं बघितलंय, त्या पाण्यानं गोधड्या धुतल्या.

"तिलापण सांगून ठेवलंस होय," ते म्हणाले.

"नाही हो मामा, खरंच माझं चुकलं."

ते थोडं हसले. "बाई, तू ह्या घरात आल्याला किती वर्षं झाली? एकदा तरी तुझ्या तोंडून हे ऐकलंय का मी?"

त्यांनी ते कधीच ऐकलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी मला फाडून खाल्लं असतं आणि महिन्यानं सोयगावची एसटी धरली असती. आता ते माझी समजूत काढत होते.

"तुझ्यासारखीला माझ्याकरता खोटं बोलायची पाळी आली," ते म्हणाले, "म्हणजे माझं खरंच काही राहिलं नाही बघ."